वाळवण, माठ आणि मोटार

होळी पेटून गेली कीं आमच्या घरांत उन्हाळ्याच्या तयारीस प्रारंभ होतो. गच्चीवर कुरडया-पापडांचें वाळवण पडतें, माठ पुन्हां पडवींत येतो, वर्षाचा मसाला कुटून बरण्यांत भरला जातो, आणि या प्रत्येक कामास घरांत कोणी ना कोणी धनी असतो. पापडांत मीठ अधिक पडलें तर दोष कोणाचा, हें सर्वांस ठाऊक असतें. दारांतल्या मोटारीस मात्र असा धनी नाहीं. ती आमचे ज्येष्ठ बंधु चालवितात, वहिनी चालवितात, आम्ही चालवितों. आणि सर्वांची म्हणूनच तिचें बॉनेट उघडून आंत कोणी पाहत नाहीं. उन्हाळ्यापूर्वीं आम्ही फार तर थंड हवेचें यंत्र नीट चालतें कीं नाहीं तेवढें पाहत असूं. बसणारांस गार वाटलें म्हणजे मोटारहि गार असली पाहिजे, अशी आमची भाबडी समजूत होती.

ती समजूत सन २०२३ च्या मे महिन्यांत कुंभार्ली घाटांत फिटली. चिपळूणचें लग्न आटोपून आम्ही सहा माणसें साताऱ्यास परत येत होतों. पोफळीपासून चढण लागली. भर दुपारचें ऊन, मोटार भरलेली, थंड हवा पूर्ण जोरांत. कांहीं वळणें चढतों न चढतों तोंच तपमानाचा कांटा तांबड्या खुणेस टेकला आणि पुढून वाफ दिसूं लागली. मोटार बाजूस घेतली. पाणी कमी झालें असेल, घालूं म्हणजे झालें, असें म्हणून आम्हीं फडकें घेतलें व रेडिएटरचें झांकण फिरविलें. पंधरा वर्षांचा पुतण्या पाण्याची बाटली घेऊन शेजारीं उभा होता. तेथें उभें राहावयास त्यास आम्हींच सांगितलें होतें.

पुढील वर्णन लांबवीत नाहीं. उकळतें पाणी उसळलें, तें त्याच्या उजव्या मनगटापासून कोंपरापर्यंत गेलें. पिण्याचें जेवढें पाणी जवळ होतें तेवढें हातावर ओतलें, आणि मागून येणाऱ्या एका सद्गृहस्थांच्या गाडींतून त्यास चिपळुणास नेलें. वहिनींनीं त्या दिवशीं किंवा त्यानंतर कधींहि आम्हांस एक शब्द विचारला नाहीं. विचारला असता तर बरें वाटलें असतें.

जी गोष्ट प्रत्येक स्वयंपाकघरांत ठाऊक असते तीच आम्ही शिकलेले पुरुष विसरलों. चुलीवरील कुकर दाबाखालीं असतां त्याचें झांकण कोणी उघडतें काय? रेडिएटरचें झांकणहि तसेंच दाब धरून ठेवतें. त्या दाबामुळें आंतील पाणी शंभर अंशांस न उकळतां सुमारें १२० अंशांपर्यंत पाणीच राहतें. झांकण सैल होतांच दाब जातो, आणि तेंच पाणी क्षणांत वाफाळून बाहेर धांवतें. कांटा चढूं लागतांच थंड हवा बंद करावी, हीटर लावावा, सुरक्षित जागीं थांबून इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास त्या झांकणास हात लावूं नये. (वैशाखांत हीटर लावावयाचा, हें ऐकून आमच्या मातोश्री अद्याप हंसतात, परंतु इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर काढली जाते.)

मेकॅनिकनें दाखविलेलें कारण अगदीं क्षुल्लक होतें. रेडिएटरची रबरी नळी एका टोकाशीं चिरून थेंब थेंब गळत होती. टाकीवर किमान व कमाल अशा दोन रेषा असतात. इंजिन थंड असतां पातळी त्यांच्यामध्यें आहे कीं नाहीं हें पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. शिवाय पूर्वीं कोणीतरी, बहुधा आम्हींच, त्यांत विहिरीचें पाणी घातलें होतें. बंबाच्या तळाशीं क्षारांचा जो थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला होता. कूलंट हें थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून घालतात, आपल्याकडे त्याचें काय काम, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः तें पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवितें आणि गंजहि रोखतें. मात्र त्यांतील ग्लायकोल चवीस गोड व विषारी असतें. काढलेलें कूलंट उघड्या भांड्यांत ठेवूं नये, कारण घरांत मुलें असतात आणि मांजरेंहि.

टायरांवरून आमच्या घरांत खरा वाद झाला. उन्हाळ्यांत हवा फुगते, म्हणून ती कमी भरावी, असें बंधूंचें ठाम मत. तपमान सहा अंशांनी वाढलें कीं दाब सुमारें एक पौंडानें वाढतो हें खरेंच; परंतु चालकाच्या दारापाशीं चिकटविलेला आंकडा थंड टायराचा असतो व ही वाढ त्यांत गृहीत असते. हवा कमी असलेला टायर फिरतांना अधिक दबतो, दबण्यानें तापतो, आणि तापून फुटतो. हें त्यांनीं मान्य केलें. टायर बदलण्याचें मात्र मान्य करीनात, कारण नक्षी नव्यासारखी होती. टायराच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. आमच्या टायरांवर २३१४ होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. मोटार फारशी फिरली नाहीं म्हणून नक्षी झिजली नव्हती, पण रबर म्हातारें झालें होतें आणि बाजूस बारीक चिरा पडल्या होत्या. आमची कन्या नागपुरास असते. डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाल्यापासून बंधूंस त्या मार्गानें जाण्याची मोठी हौस. तापलेल्या कांक्रीटवर तासन्तास एकाच वेगानें या टायरांवर कोणाकोणास बसवावयाचें, एवढेंच आम्हीं विचारलें. चारहि टायर नवे आले. महिनाभर ते आमच्याशीं मोजकेंच बोलले.

बॅटरी व वायपर यांची गोष्ट निराळी. तीं मेकॅनिक स्वतःच पाहतो.

यंदा होळीनंतरच्या रविवारीं पहांटे पुतण्यानें आपणहून बॉनेट उघडलें. इंजिन रात्रभर थंड पडलेलें होतें, तरीहि त्यानें रेडिएटरच्या झांकणावर प्रथम उलटा हात ठेवून पाहिला. बाहीखालून व्रण दिसत होता. वहिनी कुरडयांचा चीक घाटीत होत्या, तो तसाच सोडून दारांत येऊन उभ्या राहिल्या. आम्ही विजेरी धरून पुढें वांकलों होतों.

"काका, जरा मागें सरा," तो म्हणाला.

आम्ही मागें सरलों.