पोकळ भिंतींचा भरवसा

लातूर-नांदेडकडच्या आमच्या पिढीला भिंतीची ओळख झाली ती हाताने. देवळीत हात घातला की तो कोपरापर्यंत आत जायचा आणि तरी भिंत संपायची नाही. तिथे काय नसायचं? दिवा, काड्यापेटी, आजोबांची तपकिरीची डबी, पोस्टाचं पासबुक, बायकांची फणी-करंड्याची पेटी. वरच्या अंगाला खुंट्या, खुंट्यांवर टोप्या, पिशव्या आणि पाहुण्यांचे सदरे. मोठ्या वाड्यांत तर भिंतीतच बळद असायचं. वरून ज्वारी ओतायची आणि खालचा बोळा काढून लागेल तशी घ्यायची. लोखंडी कपाट आमच्याकडे उशिरा आलं, कारण कपाटाचं काम भिंतच करायची. शिवाय प्रत्येक गावात कुणाच्या ना कुणाच्या भिंतीत मोहरांचा हंडा होता. तो कुणालाच सापडला नव्हता, म्हणून सगळ्यांचाच त्यावर विश्वास होता.

आताची भिंत आठ इंची. सिमेंटचे पोकळ ठोकळे, ४० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० उंच, आत दोन भोकं. म्हणजे जागा आजही भिंतीत आहेच, फक्त आपल्यासाठी नाही. घड्याळ टांगायला ड्रिल लावलं की पहिला इंचभर जोर लागतो, मग बिट एकदम सुटतं आणि प्लास्टिकचा प्लग आत पडून खडखडत खाली जातो. जुन्या भिंतीत ठेवलेली वस्तू विसरली तरी सापडायची. नव्या भिंतीत पडलेली वस्तू आठवत राहते आणि सापडत नाही.

भिंतीवर माळवद. घराचं माप तेव्हा चौरस फुटांत सांगत नसत. घर पाच खणांचं असे नाहीतर सात खणांचं. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर चिपांची दाटी, वर पाला आणि सगळ्यांवर पांढरी माती. मृग लागायच्या आधी गाढवांवरून ती माती यायची आणि अख्खं घर वर चढायचं. बाप्ये माती ओढायचे, बाया पाणी शिंपडायच्या, कुणीतरी धुम्मस घेऊन चोपायचं, आणि पोरांना नाचायची मुभा असायची, कारण त्या नाचण्यानेही माती बसायची. पहिली सर आली की गल्लीभर एकच हाक उठायची, ‘सानं झाका!’ मग ज्याच्या पायात जोर तो पळायचा आणि धुराड्याच्या त्या भोकावर फरशी सरकवायचा. उन्हाळ्यात त्याच माळवदावर शेवया-कुरडया वाळायच्या, रात्री अंथरुणं पडायची, आणि माळवदाला माळवद लागलेलं असल्यामुळे एका घरून निघालेलं पोर खाली न उतरता चौथ्या घरी जेवायला पोचायचं.

आता स्लॅब. त्याला माती लागत नाही, चोपणं लागत नाही, सानं नाही, त्यामुळे हाकही नाही. गळलाच तर वॉटरप्रूफिंगवाला येतो, डबे दाखवतो, दर सांगतो आणि दहा वर्षांची गॅरंटी देऊन जातो. वर टाकी आहे, सोलर आहे, डिश आहे. झोपायला मात्र कुणी नाही. मे महिन्यात रात्री अकरालाही पाय ठेववत नाही असा तो तापलेला असतो. आम्ही खाली कूलर लावून जुन्या घरातल्या गारव्याचं कौतुक करतो.

कौतुक झालं, आता हिशेब. दर वर्षी नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर इंचभर माती म्हणजे साडेतीन-चारशे किलो; साठत साठत ती दीड फूट झाली की सहा-सात टन. हौसेने, हसत-खेळत, पोरं नाचवत आम्ही आमच्याच डोक्यावर हे वजन वाढवत होतो. आणि ज्या भिंतींवर ते ठेवत होतो, त्या तरी कशा? बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. चार फूट जाडीचा आमचा अभिमान म्हणजे वाटण्या झालेल्या भावांसारख्या पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंती होत्या. विंचू त्यांच्या फटीत सुखाने नांदत. आम्ही त्यांना भरीव समजत होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, तो समज उतरला. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. सहाच्या थोडा वरचा भूकंप. जगाच्या हिशेबात मध्यम म्हणावा असा. तेव्हाच्या नकाशावर आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण भूकंप उथळ होता, वेळ झोपेची होती आणि डोक्यावर माती होती. दोन पदर दोन दिशांना फुगले आणि माळवद खाली बसलं. ज्याचं घर मोठं, त्याची माती जास्त. गावाबाहेरच्या गवती छपरांखाली जी माणसं राहत होती, ज्यांना गावठाणात चांगली जागाही मिळाली नव्हती, त्यांचं छप्पर हलकं निघालं. काही वाड्यांत भिंती पडल्या तरी लाकडी खांबांवरचे खण तसेच उभे राहिले. म्हणजे दोष सगळ्याच जुन्याचा नव्हता. सुताराचं काम टिकलं. आमचा गर्व ज्या भिंतीत होता, ती पडली.

मग आले पत्र्याचे शेड आणि त्यांच्यामागून ठोकळे. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती, आणि माळरानावर ठोकळे पाडायची यार्डं उभी राहिली. त्यातलं एक यंत्र ज्यांनी चालताना पाहिलं, ते त्याला विसरणार नाहीत. त्याचं कारखान्यातलं नावही ‘एग लेइंग मशीन’. जवळजवळ कोरडा माल साच्यात पडायचा, यंत्र थरथरायचं, वरून दाब यायचा, साचा वर उचलला जायचा आणि फरशीवर ओळीने ठोकळे ठेवून यंत्र चार पावलं पुढे सरकायचं. त्याच्याआधीचा हाताचा फर्मा साधा होता. खिट्टी काढली की बाजू उघडायच्या, आतला गाभा वर ओढला की भोक तयार. तो गाभा खाली किंचित निमुळता. नाहीतर ओला ठोकळा त्याच्याबरोबर वर यायचा. फर्म्याचं सगळं कसब सुटण्यात असतं. भरताना घट्ट, निघताना सैल, आणि निघून लगेच पुढच्या कामाला हजर.

आमच्या गवंड्याकडे असा सुटणारा साचा नव्हता. त्याच्याकडे ओळंबा होता, दोरी होती आणि दांडगा अहंकार होता. वडार दगड फोडून द्यायचा, गवंडी तो हातात फिरवून पाहायचा, एखादा बाजूला टाकायचा आणि म्हणायचा, ‘याची जागा अजून आली नाही.’ तीन दिवसांनी ती जागा यायची. चौकट बसवायच्या दिवशी काम बंद, हळद-कुंकू, नारळ, गवंड्याला टोपी-उपरणं. प्रत्येक भिंत वेगळी, म्हणून कुणाच्या हातची हे लांबून ओळखता यायचं. तेव्हा याला आम्ही कला म्हणायचो. आरपार दगड टाकायचा कंटाळा हाही त्याच कलेचा भाग होता, हे नंतर कळलं.

आता शहरातल्या टॉवरांवर ठोकळासुद्धा रचत नाहीत. भिंतच्या भिंत ओततात. अॅल्युमिनियमचे पत्रे पिना आणि पाचरी ठोकून जोडायचे, मधे सळयांची जाळी, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतायचे, दुसऱ्या दिवशी पाचरी काढून भिंतीचे पत्रे सोडवायचे आणि वरच्या मजल्यावर द्यायचे. आमच्याकडच्या सेंट्रिंगवाल्याचं प्लायवूड आठ-दहा स्लॅबांत पिंजून जातं. हे पत्रे शंभराहून जास्त वेळा चालतात. कल्पना मात्र नवी नाही. थॉमस एडिसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अख्खं घर लोखंडी साच्यात एकदम ओतायचा घाट घातला होता. अमेरिकेत तशी काही घरं उभीही राहिली, पण साच्याचे सुटे भाग इतके की त्यांचाच खर्च घराच्या डोक्यावर बसला. एकसारखं घर ओतायला एकसारखी गिऱ्हाइकं लागतात, आणि ती तेव्हा मिळाली नाहीत. आता मिळतात. आमच्या नातवंडांना चौथ्या आणि चौदाव्या मजल्यातला फरक लिफ्टच्या बटणावरच दिसतो.

एकसारखेपणाची पहिली चव आमच्या भागाने त्या पुनर्वसनातच घेतली. जुन्या गावात घराचं मोठेपण ढेळजेवरून कळायचं. नव्या गावात ते कागदावरून ठरलं. जमीन नसलेल्याला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. रस्ते सरळ आणि रुंद, एवढे की समोरच्या ओट्यावरच्या बाईशी बोलायला आवाज चढवावा लागायचा. जुनी गल्ली बैलगाडीला अडायची, पण वाटीभर साखर त्यातून आरामात जायची. अर्थात त्याच अरुंद गल्ल्यांत पडलेल्या दगडांनी माणसांची बाहेर पडायची वाट अडवली होती, हेही खरं. काही ठिकाणी वेगळे प्रयोग झाले. मल्याळ मनोरमाने बाणेगाव उभं केलं, त्याची आखणी लॉरी बेकरांची. गुबाळला घुमटाची घरं आली. गोल भिंतीला कपाट टेकत नाही आणि खुंटी तर मुळीच बसत नाही. पण घुमट भूकंपाला सहज हाती लागत नाही. आम्ही कपाटाचं रडगाणं जास्त गायलं.

बायकांच्या बाबतीत मात्र जुन्याचं गुणगान करताना जीभ अडखळते. जुन्या भिंतीशी त्यांचं नातं पोतेऱ्याचं. सणाला सारवण, लग्नाला सारवण, पावसाने पोपडे पडले की पुन्हा सारवण. त्यांची बोटं भिंतीवर उमटलेली आम्हाला सुंदर दिसायची. ती शेणात भिजलेली असायची हे आम्हाला दिसायचं नाही. भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. ज्यांनी भिंतीला फक्त हात लावला होता, त्या आता भिंतीला प्रश्न विचारू लागल्या: सिमेंट-वाळूचं प्रमाण काय, काँक्रीटचा पट्टा कुठे, कोपऱ्यात सळई टाकली का? गवंडी चिडायचा, आणि मग मुकाट्याने माल पुन्हा कालवायचा. देवळी गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी ही बाई एकदा नजरेसमोर आणावी.

आम्हाला खरी चुटपुट लागते ती स्लॅबच्या दिवसाची. हा विधी काही फार पुरातन नव्हता. आमच्याच डोळ्यांदेखत तो जन्मला आणि आमच्याच डोळ्यांदेखत संपला. पहाटे नारळ फुटायचा, मिक्सर धडधडायला लागायचा आणि खालपासून वरपर्यंत माणसांची साखळी उभी राहायची. भरलेलं घमेलं वर, रिकामं खाली, मधे एकही हात रिकामा नाही. मालक सकाळी रुबाबात असायचा आणि दुपारी स्वतः पाटी उचलायचा, कारण स्लॅब अर्ध्यावर थांबवता येत नाही. संध्याकाळी सगळ्यांना गोडाचं जेवण, आणि मुकादमाशी पैशांवरून ठरलेलं भांडण. आता पंपाची सोंड येते, दोन-तीन तासांत स्लॅब ओतून जाते. कुणाच्या मानेवर ओझं नाही, कुणाचे हात सिमेंटने फाटत नाहीत. मालक मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि पेढे ऑफिसात वाटतो. घमेल्याखाली मान मोडलेल्या बाईला त्या साखळीची आठवण येत असेल का, हे आम्ही तिला विचारलेलं नाही.

जुन्या भिंतीला पाणी एकदाच लागायचं, चिखल कालवायला. नव्या भिंतीची तहान मोठी. ठोकळा पाडला की १४ दिवस त्याला पाणी, भिंत रचली की तिला पाणी, स्लॅबवर तर आळी करून पाणी. आणि हे कुठे, तर २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे. टंचाईत टँकरचा माणूस विचारतो, घरात टाकू की भिंतीवर? भिंतीला तोंड नसतं, म्हणून तीच उपाशी राहते. पाण्यावाचून राहिलेला ठोकळा दिसायला पक्क्या ठोकळ्यासारखाच असतो. वरून गिलावा झाला, रंग लागला की कुणाला काही कळत नाही.

इथेच आमचं स्मरणरंजन अवघड जागी येतं. जुनी भिंत भरीव दिसायची आणि आतून सुटी होती. नवी पोकळ दिसते, पण तिची पोकळी बांधून घेण्यासाठीच आहे. कोपऱ्यातल्या भोकातून पायापासून छपरापर्यंत सळई उभी करायची, भोक काँक्रीटने भरायचं, आणि जोत्याला, खिडक्यांच्या वर, छपराखाली पट्टा फिरवायचा. हे केलं तर आठ इंच चार फुटांवर भारी. हे टाळलं तर आपण जुनी चूक नव्या मालात केली, एवढंच. तीस वर्षांत ती होऊ लागली आहे. मुलगा मोठा झाला, लग्न झालं, की जुन्या खोलीवर खोली चढते. पट्ट्याचे पैसे वाचवून फरशी चकचकीत बसते. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडे साडेचार तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा नांदेडात माणसं सकाळी सकाळी रस्त्यावर आली. तासाभराने चहा घेऊन घरात गेली आणि कुठल्या रंगाची फरशी घ्यायची ती चर्चा पुढे सुरू झाली.

माळवदाची आठवण आम्ही काढणारच. देवळी, बळद, सानं, पोरांच्या पायांनी बसलेली माती, हे सगळं आमच्यानंतर कुणी सांगणार नाही. पण ज्या घरात आज झोपायची आमची हिंमत नाही, त्या घरासाठी उसासे टाकताना निदान एक काम करावं. नातवाच्या बांधकामावर जावं, गवंड्याला ‘आमच्या वेळी’ वगैरे काही ऐकवू नये, आणि कोपऱ्यातल्या ठोकळ्याच्या भोकात वाकून पाहावं. सळई दिसली तर आठवणी सांगायला हरकत नाही. नाही दिसली तर तिथेच काम थांबवावं.