शिक्षण साऱ्या घराचे

लेकराला निवासी शाळेत पाठविणारे आईवडील दुहेरी विरह सोसतात. लेकरू दूर जाते, हा पहिला; शिकू लागल्यावर त्याला घरच्या बोलीची, घरच्या कामाची लाज वाटू लागते, हा दुसरा. पहिला सुट्टीत सरतो. दुसऱ्यावर उपाय शिक्षणातूनच शोधावा लागतो.

परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी रात्री दोन वाजता भीमरावांना अभ्यासासाठी उठवीत. पुस्तकांसाठी विवाहित लेकींचे दागिने गहाण पडत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्या यशात पित्याचे जागरण होते, बहिणींचे सोने होते. शिक्षण हे तेथे साऱ्या घराचे काम होते.

म्हणूनच इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी दिवाळीच्या सुट्टीत एकच स्वाध्याय देतो : आजीला, वडिलांना विचारा, तुम्ही कोणती कामे केलीत? गाव का सोडले? परत आलेल्या वह्यांत १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडणे असते, ऊसतोडीच्या फडावरची कोपी असते. एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, वडील तिच्याशी प्रथमच इतका वेळ बोलले. तिच्या त्या पानांत लाज कोठेही नव्हती.

पालकहो, लिहिता येत नसले तरी आपणांस सांगता येते. लेकराला जवळ बसवून सांगा. आणि माजी विद्यार्थ्यांनो, ज्या हातांनी खडी फोडली त्यांची कहाणी तुमच्या हस्ताक्षरात उतरू द्या. सांगणारी माणसे आहेत, तोवरच.