मोरो, बेलफास्ट आणि सेशनचं पॅकेज

चि. मनू,


लेकाचं वाचन अडतंय म्हणून क्लिनिकने दिलेला त्याचा रिपोर्ट वाचला. ‘मोरो रिटेन्ड, एटीएनआर रिटेन्ड’ म्हणजे तान्हेपणीच्या या दोन प्रतिक्षिप्त क्रिया अजून उरल्यात, एवढ्यावरच वर्षभराच्या सेशनचं पॅकेज मांडलंय. पैसे भरण्याआधी यातला मोरो कोण, ते तरी कळू दे.

अर्न्स्ट मोरो हा हायडेलबर्गचा बालरोगतज्ज्ञ. जर्मनीत त्याचं नाव गाजराच्या सुपामुळेही टिकून आहे. जुलाबाने बेजार झालेल्या तान्ह्या मुलांना तो ते पाजायचा. बाळाच्या उशीवर दोन्ही बाजूंनी एकदम चापट मारली की काय होतं, ते त्याने 1918 मध्ये नोंदवून ठेवलं. हात झटकन फाकतात आणि मग कुणाला तरी कवटाळावं तसे जवळ येतात. आपल्याकडे बाळ दचकलं म्हणतात आणि दुपट्यात घट्ट गुंडाळतात. चार-सहा महिन्यांत हे दचकणं ओसरतं.

त्याच्याही आधी, 1891 मध्ये, लुई रॉबिन्सन या इंग्रज डॉक्टरने साठेक नवजात बाळांच्या मुठीत काठी देऊन त्यांना चक्क लोंबकळत ठेवलं होतं. आजच्या एथिक्स कमिटीने त्याला दारातच अडवलं असतं! दोन सोडून सगळी बाळं निदान 10 सेकंद स्वतःचं वजन पेलत लटकली. डार्विनभक्त रॉबिन्सनला त्यात वानर पूर्वजांची खूण दिसली.

ही पकड पुढे जाते कुठे? कुठेच नाही. मेंदूचा वरचा थर कामाला लागतो, तसा खालच्या केंद्रांवर त्याचा वचक बसतो. पक्षाघाताने किंवा स्मृतिभ्रंशाने तो वचक सुटला, तर म्हाताऱ्या माणसाचा तळवाही पुन्हा बोट घट्ट धरून ठेवू शकतो. सेरेब्रल पाल्सीत वचक नीट बसतच नाही, म्हणून डॉक्टर तिथे या प्रतिक्षिप्त क्रिया बारकाईने तपासतात. इथवर सगळं पक्कं शास्त्र आहे.

क्लिनिकचा दावा याच्या पुढचा. एटीएनआर म्हणजे मान वळली की त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा कोपरात दुमडतो. मोठ्या मुलाला हातापायांवर ओणवं करून त्याची मान हळूच वळवतात आणि कोपर वाकतं का ते बघतात. सातव्या वर्षी याचा अंश उरला असेल तर मान वळताच हात ओढला जाणार, ओळ सुटणार, वाचन अडणार, असा तर्क. ऐकायला बिनतोड! पण कसलाही त्रास नसलेल्या शाळकरी मुलांतही थोडाफार अंश सापडतो, हे रिपोर्टात कुणी लिहीत नाही.

तरी हा निव्वळ धंदा म्हणून झटकून टाकू नये. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या मार्टिन मॅकफिलिप्स आणि सहकाऱ्यांनी 8 ते 11 वर्षांची, वाचनात मागे पडलेली आणि एटीएनआर उरलेली 60 मुलं निवडली आणि 20-20 चे तीन गट केले. एका गटाने तान्ह्या बाळाच्या हालचालींवर बेतलेले संथ व्यायाम रोज केले, दुसऱ्याने तसेच दिसणारे पण या क्रियांशी संबंध नसलेले, तिसऱ्याने काहीच नाही. कोण कुठल्या गटात, हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. वर्षभराने पहिल्या गटातला एटीएनआर घटला आणि वाचनही इतरांपेक्षा सुधारलं. हा अभ्यास 2000 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि तेव्हापासून अशा पॅकेजांचा तोच मोठा आधार आहे.

एका गटात 20 मुलं, एवढ्यावर मोठी इमारत उभी करणं मला धोक्याचं वाटतं. शरीराच्या हालचालींतून अभ्यास सुधारायची आशा जुनीच आहे. ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी फिलाडेल्फियात मेंदूला इजा झालेल्या मुलांना रांगण्याच्या ठरावीक हालचाली दिवसभर करायला लावल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1982 मध्ये या पद्धतीला आधार नाही असं स्पष्ट सांगितलं, 1999 मध्ये पुन्हा बजावलं. त्यात आईबाप थकून जायचे, हे त्यांच्या आक्षेपांतलं एक. 1983 मध्ये कॅव्हेल आणि मॅटसन यांनी हालचाल-प्रशिक्षणाचे 180 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शालेय प्रगतीवर परिणाम जवळपास शून्य निघाला.

तेव्हा व्यायाम करू दे. घरी चटईवर रांगणं, लोळणं, मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, अंगणात लंगडी. याला पैसे लागत नाहीत आणि तोल, अंगाची ताकद यांना फायदाच आहे. त्या नादात वाचनाचा सराव मात्र बुडू देऊ नकोस. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड बसवून शिकवण्याची जागा रांगणं घेत नाही. डोळे आणि कानही तपासून घे.

एक हात सतत कमजोर वाटत असेल, चालताना वारंवार पडत असेल किंवा आधी येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर मात्र थेट बालमेंदूतज्ज्ञ. 2013 मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तपासणी तिथे मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी कर.

क्लिनिकला एवढंच विचार: सहा महिन्यांनी तुम्ही वाचन मोजणार की फक्त कोपर? आणि लेकाच्या वाचनाच्या पुस्तकातल्या, तो अडखळतो त्या पानांचे फोटो मला पाठव.

तुझी,
मावशी