अंगठा खालच्या ओळीत

पारोळ्यातल्या एका बँकेत मी पेन्शनच्या काउंटरवर बसतो. नोव्हेंबरमध्ये कोषागाराची यादी येते. हयात असल्याची खूण म्हणून पेन्शनर आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करतात. ते राहिलं, की पेन्शन थांबते.

तामसवाडीकडच्या एका आजींची अशीच थांबली. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. आजींना कमी ऐकू येतं. जानेवारीत त्या एसटीनं तीनदा आल्या. "तुमचा अंगठाच नाही!" मी काचेमागून ओरडलो. रांगेतले लोक वळून बघायला लागले. "मी जित्ती शे ना भाऊ, मंग पेन्शन काबर बंद?" एवढंच त्या विचारत राहिल्या. माझ्या आईची बोली हीच. तरी मी अहिराणीत एक शब्द बोललो नाही.

तिसऱ्या खेपेनंतर यादी नीट पाहिली. अंगठा होता, खालच्या ओळीत. नाव-आडनाव तेच, फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. त्या दुसऱ्या बाईंनी पुण्याहून ऑनलाइन जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, दिलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आजींचं बोट धरून तिथे टेकवणारा मीच होतो.

सोबती म्हणाला, गुपचूप दुरुस्त करून टाक. रात्रभर मलाही तेच बरं वाटलं. सकाळी साहेबांना सांगितलं. कोषागाराला पत्र गेलं आणि पुढच्या महिन्यात थकीत रक्कम जमा झाली.

त्याआधीच्या रविवारी मी आजींच्या घरी गेलो. समोर बसून, सावकाश, अहिराणीत चूक सांगितली. त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "तू लोकेसना समोर वरडना, ते आते लोकेसना समोरच सांग."

पैसे काढायला त्या आल्या, तेव्हा मी काउंटरबाहेर आलो आणि रांगेसमोर सांगितलं, चूक माझी होती, आजींची नाही. आवाज कापत होता. आजींनी नुसती मान हलवली.

आता अंगठा घेण्याआधी मी नवऱ्याचं नाव आणि खाते क्रमांक विचारतो. ऐकू येत नसेल तर बाहेर येऊन समोर बसतो, मोठ्या अक्षरात लिहून दाखवतो. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाला समजावतो. पोच म्हणून तारखेचा शिक्का मारलेली चिठ्ठी हातात देतो. ती आम्ही आधी देतच नव्हतो.

घरात कुणी पेन्शनर असेल, तर नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासोबत जा. अंगठा कोणत्या नावापुढे उमटतोय ते स्वतः पाहा आणि चिठ्ठी मागून घ्या.