अपवादाचे कलम

अमेरिकेविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातील बराचसा मजकूर एक तर त्या देशाला अलकापुरीचे स्थान देणारा असतो, नाही तर तेथील कुटुंबसंस्थेच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त करून आपल्या घरच्या व्यवस्थेला परस्पर प्रशस्तिपत्र बहाल करणारा असतो. आणि या दोन्ही पंगतींत न बसणारे पुस्तक मराठीत १८८९ सालीच लिहून झाले आहे, याचे स्मरण पाश्चात्त्य समाजाच्या अभ्यासाची हौस असणाऱ्यांनाही क्वचितच असते. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे ते पुस्तक. आनंदीबाई जोशी यांना मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली, त्या समारंभाच्या निमित्ताने रमाबाई इंग्लंडाहून तिकडे गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे त्या देशात राहिल्या. तेथील स्त्रियांनी चालविलेल्या संस्था, त्यांचे शिक्षण, त्यांची मद्यपानविरोधी चळवळ यांचे त्यांनी मुक्तकंठाने कौतुक केले. परंतु कृष्णवर्णीयांना आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक पाहून त्यांची लेखणी कौतुकाच्या ओघात वाहवत गेली नाही. मराठवाड्यातील एका महाविद्यालयात अमेरिकेची राज्यघटना शिकविण्याचे काम माझ्या वाट्याला आले होते, आणि नेमलेल्या इंग्रजी ग्रंथांच्या आधी विद्यार्थ्यांनी रमाबाई वाचावी असा माझा आग्रह असे. कारण परक्या समाजाकडे लाचारीने न पाहता आणि तुच्छतेनेही न पाहता कसे पाहावे, याचा तो आजही आपल्याकडील उत्तम वस्तुपाठ आहे.

त्या अध्यापनातून माझे एक मत बनत गेले, आणि सेवानिवृत्तीनंतर केज तालुक्यातील युसूफ वडगावी येऊन राहिल्यावर ते अधिकच पक्के झाले. ते असे की, प्रजासत्ताक राज्यात पूर्वग्रह मनुष्याच्या मनात जितका काळ राहतो त्याहून कितीतरी अधिक काळ तो सरकारी दप्तरात राहतो, आणि दप्तरातही तो कायद्याच्या मुख्य कलमात सापडत नाही. मुख्य कलम नेहमी उदात्त असते, आणि त्याखाली जो अपवाद जोडलेला असतो त्यात तो सुखाने नांदत असतो.

अमेरिकेच्या घटनेची तेरावी दुरुस्ती हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. १८६५ साली तिने गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी यांचा अंत केला, मात्र रीतसर दोषी ठरलेल्या अपराध्याची शिक्षा तेवढी वगळली. या चार शब्दांच्या फटीतून दक्षिणेतील राज्यांनी कसे हात घातले हे पाहण्यासारखे आहे: उद्योगधंदा नसताना भटकणे हा गुन्हा ठरविण्यात आला, त्या गुन्ह्याखाली नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय पकडले गेले, आणि शिक्षा झालेले कैदी खाणींना व मळ्यांना मक्त्याने देण्याची वहिवाट पडली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला, तेव्हा दास्यमुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दलचा त्यांचा आदर सर्वथैव यथार्थ होता. परंतु अवघ्या चार वर्षांनी, १८७७ मध्ये, उत्तरेच्या फौजांनी दक्षिणेत या नव्या नागरिकांना दिलेले संरक्षण काढून घेण्यात आले, आणि त्यानंतर मतदानाचा कर, साक्षरतेची परीक्षा अशा, वर्णाचा उच्चारही न करणाऱ्या युक्त्यांनी त्यांचे मत हिरावून घेतले गेले.

युद्धाच्या प्रसंगी ही कला अधिकच प्रगल्भ होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा जो हुकूम काढला, त्यात जपानी हा शब्द कोठेही नाही. लष्करी क्षेत्रातून कोणत्याही वा सर्व व्यक्तींना वगळण्याचा अधिकार तेवढा सेनाधिकाऱ्यांना दिला आहे. त्याच्या अंमलबजावणीत मात्र सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक, ज्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते, काटेरी तारांच्या आड गेले, आणि त्यांतल्याच तरुणांच्या पलटणी युरोपात त्या देशासाठी लढल्या. या अन्यायाबद्दल त्या राष्ट्राने १९८८ साली कायदा करून क्षमायाचना केली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊ केले. शेहेचाळीस वर्षांचा विलंब लाजिरवाणा आहेच; परंतु ज्या मराठवाड्यात बसून मी हे लिहितो आहे तेथे या बाबतीत अमेरिकेला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला कितपत पोहोचतो, याविषयी मी साशंक आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हैदराबाद संस्थान भारतात आले, रझाकारांच्या जुलमातून आमच्या वडीलधाऱ्यांची सुटका झाली, आणि १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन आम्ही दरवर्षी योग्य त्या अभिमानाने साजरा करतो. मात्र त्या कारवाईच्या पाठोपाठ, रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमानांवर जो सूड उगविला गेला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी केंद्र सरकारच्याच सांगण्यावरून केली असता, तो अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. जुलमाची आठवण ठेवणे आणि सुडाची आठवण पुसणे, ही दोन्ही कामे एकाच हाताने होतात, तेव्हा जे उरते त्याला मी इतिहास म्हणत नाही.

आता लोककल्याणाकडे वळू, कारण माझ्या मते खरी मेख तेथे आहे. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा हा अमेरिकी कल्याणकारी राज्याचा पाया. वृद्धांना निवृत्तिवेतन आणि बेकारांना भत्ता देणाऱ्या या कायद्यातून दोन वर्ग वगळण्यात आले: शेतमजूर आणि घरकामगार. दक्षिणेतील जमीनदारांच्या प्रतिनिधींनी हे घडवून आणले असे काही अभ्यासक म्हणतात. विखुरलेल्या मजुरांकडून वर्गणी वसूल करणे खजिन्याला कठीण होते, एवढेच त्याचे कारण, असे दुसरे म्हणतात. मला स्वतःला हा वाद गौण वाटतो. हेतू काहीही असो, काम करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक लोक ज्या दोन धंद्यांत कोंबलेले होते नेमके तेच धंदे वगळले गेले, आणि या अपवादाची व्याप्ती कमी व्हायला १९५० साल उजाडावे लागले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली झालेला कायदा तर सर्वांसाठी होता. परंतु त्याची अंमलबजावणी स्थानिक कचेऱ्यांच्या आणि पेढ्यांच्या हाती राहिली, आणि मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांच्या १९४७ च्या पाहणीत या कायद्याच्या हमीवर दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी अवघी दोन कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाल्याचे आढळले. पुढे याच वंचितांपैकी एखादी विधवा वा परित्यक्ता सरकारी मदत घेऊ लागली, की तीच ऐतखाऊ म्हणून निवडणुकीच्या सभांतून हिणविली जाऊ लागली.

हे वाचून मराठी वाचकाने नुसतीच चुकचुक करू नये. हा अंक त्याच्या हाती पडेल तेव्हा आमच्या तालुक्यातील, किंबहुना सबंध बीड जिल्ह्यातील, गावेच्या गावे रिकामी होऊ लागलेली असतील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लहानगी मुले आणि म्हातारी माणसे घालून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेल्या असतील. धनेगावचे मांजरा धरण आमच्या इतक्या जवळ असूनही कोरडवाहू रानावर भागत नाही, म्हणून हे जाणे आहे. मुकादम जी उचल देतो ती 'कोयत्या'वर देतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. उचलीचा करार पुरुषाच्या नावे, हिशेब पुरुषाशी, आणि हंगामाअखेरीस अंगावर राहिलेली बाकी मात्र दोघांच्या माथी. पहाटे चारला उठून कोपीत भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी बाई या हिशेबात स्वतंत्रपणे कोठेही लिहिलेली नसते. कोणत्याही कायद्याने तिला नाकारलेले नाही. आपला मातृत्व लाभाचा कायदा १९६१ साली झाला, २०१७ पासून आपल्याकडे सव्वीस आठवड्यांची सवेतन रजा आहे, आणि अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात सवेतन प्रसूतीरजेचा राष्ट्रीय कायदा आजही नाही, १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, हे सांगताना आपली मान उंच होते. परंतु कागदावर मालकाशी जिचा संबंधच नाही तिला रजा कोणी द्यायची? आमच्याकडील अपवादाचे कलम हे असे अलिखित आहे.

त्याची परिणती काय झाली हे २०१९ साली जगापुढे आले. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. यामागे कोणी एकच खलपुरुष शोधू जाईल तर तो फसेल. एक दिवस खाडा झाला तर कापला जाणारा दंड, फडात न आडोसा न पाणी, अंगावर काढलेली दुखणी, कर्करोगाची भीती घालणारे खाजगी दवाखाने आणि पोरवयात झालेली लग्ने, या साऱ्यांनी मिळून ते केले. आणि बाईच्या शरीराला स्वतःचा असा हिशेब नाही, ही गोष्ट या सर्वांनीच गृहीत धरली होती.

येथे महाराष्ट्राच्या श्रेयाची एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. रूझवेल्ट यांच्या काळातील सरकारी कामांच्या योजनेत एका कुटुंबातील एकालाच काम मिळे, त्यामुळे विवाहित स्त्री आपोआप बाहेर राही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली, १९७२ च्या दुष्काळात कसाला लागलेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने अंमलात आलेली आमची रोजगार हमी योजना मात्र, काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम देणारी होती. नवरा आणि बायको यांची नावे हजेरीपटावर दोन स्वतंत्र ओळींत लागत. मजुरी उशिरा मिळे, मोजमापात लबाडी होई, हे सगळे खरे. तरीही कल्याणकारी कायद्याचे एकक कुटुंब नसून व्यक्ती असावे, हे तत्त्व त्या दुष्काळी महाराष्ट्राला अमेरिकेहून चांगले कळले होते, असे माझे स्पष्ट मत आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने शंभर दिवसांची हमी कुटुंबाला दिली, हे मी पुढचे पाऊल समजत नाही.

जातीच्या आणि वर्णाच्या पूर्वग्रहाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याचा पुरावा आता आकड्यांतच उपलब्ध आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन यांनी बॉस्टन व शिकागो येथील नोकऱ्यांसाठी एकसारख्या पात्रतेचे अर्ज केवळ नावे बदलून पाठविले, तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. त्यांचा निबंध २००४ चा. त्यानंतर तीन वर्षांनी आपले सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासमवेत तोच प्रयोग भारतातील खाजगी नोकऱ्यांसाठी केला, आणि उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश भरली. आमच्या जिल्ह्यात तर गोष्टी या थराला गेल्या की २०२५ साली पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनावे काढून टाकण्याचा निर्णय पोलीस अधीक्षकांना घ्यावा लागला. निर्णय चांगला आहे, आमच्या युसूफ वडगावातही पोलीस ठाणे आहे, आणि नुसत्या पहिल्या नावाने वावरणारा शिपाई मला तरी अधिक सरकारी वाटतो. परंतु 'पाहुणे कुठले?' एवढ्या एका प्रश्नात आमचा गावकरी जे काढून घ्यायचे ते काढून घेतोच. समुद्र ओलांडूनही हा प्रश्न सुटला नाही. सिअॅटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी विधिमंडळाने संमत केलेला तसाच मसुदा राज्यपालांनी नामंजूर केला. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या देशात शिकले, आणि जेथील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघापुढील अर्जाविषयी त्यांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेथील कायदेमंडळांत आज आपल्या जातींची चर्चा व्हावी, याची लाज आपल्यापैकी तिकडे स्थायिक झालेल्यांनी वाटून घ्यावी की कायद्यालाच विरोध करावा, हा त्यांच्या विवेकाचा प्रश्न आहे. पहिला मार्ग अधिक प्रतिष्ठेचा, एवढेच मी म्हणेन.

या अंकाच्या वाचकांत सहकारी साखर कारखान्यांचे सभासद पुष्कळ असतील, आणि काही संचालकही असतील. ऊसतोड कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन दहा रुपये घेण्याचे शासनाने ठरविले आहे. आपल्या कारखान्याने ते भरले की नाही, आणि तोडणी-वाहतुकीच्या करारात बाईचे नाव, तिची उचल व तिचे बँक खाते यांसाठी पुरुषाहून वेगळी ओळ आहे की नाही, हे दोन प्रश्न पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारावेत, आणि उत्तर कार्यवृत्तात नोंदवून घ्यावे.