मधले फूल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमचे अण्णा नेहमी सांगत. त्यांच्या साऱ्या उपदेशांपैकी एवढा एकच मी आजवर पाळत आलो होतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझ्या हातून तोही मोडला. मी कोर्टात उतरलो. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल, की त्या कोर्टाला पायरी नव्हती. शाळेमागच्या मैदानात सुतळीचा गुंडा, चार खुंट्या आणि चुन्याची फक्की घेऊन मी ते स्वतःच आखले होते.

त्याचे असे झाले, की आमच्या शाळेला बॅडमिंटनची एक जाळी आणि चार रॅकेटी मिळाल्या. मैदान आखायचे कोणी, असा प्रश्न निघाला. हेडमास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "रेघा मारायच्या म्हणजे चित्रकलेचंच काम की हो, सर!" मी मॅट्रिक होऊन शिक्षणाला रामराम ठोकलेला आणि चित्रकलेच्या परीक्षांच्या जोरावर मास्तर झालेला माणूस. दोन-तीन कादंबऱ्याही लिहून झाल्या आहेत. पण शाळेला माझी आठवण होते ती फलक रंगवायच्या वेळी. मी निमूटपणे नियमांचे पुस्तक उघडले. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. एकेरीसाठी दोन्ही अंगांनी दीड-दीड फूट आत आणखी एक रेघ. जाळी खांबांपाशी पाच फूट एक इंच आणि मध्यावर बरोबर पाच फूट. जाळीला मध्ये एक इंच झोल द्यायचा, हे वाचून मला तो खेळ काढणारांविषयी आदर वाटला. संसारातही एवढा झोल धरूनच चालावे लागते.

दुपारपर्यंत गावात बातमी पसरली, की मास्तर कोर्टात गेले. आमच्या वाळूजला या बातमीचे नवल नाही. चाळीस वर्षांपूर्वी इथे कारखाने आले, नगर रस्त्याच्या कडेची ज्वारीची रानं सोन्याच्या भावाची झाली, आणि तेव्हापासून भाऊ भावाला भेटतो तो पुष्कळदा तारखेलाच. संध्याकाळी दोघे-तिघे हळूच विचारून गेले, "सर, वाटणीचं आहे का?" मी हसून त्यांना पांढऱ्या रेघा दाखवल्या. पण त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हे मला पुढे कळायचे होते.

मुलांनी पहिल्याच दिवशी दुहेरीचा डाव मांडला. फूल दोघांच्या मध्ये आले, दोघेही "माझं!" म्हणून झेपावले आणि एक रॅकेट मोडली. दुसऱ्या दिवशी नववीच्या मुली उतरल्या. त्यांत माझ्या दोघीही होत्या. त्यांच्या खेळात एकही रॅकेट मोडली नाही. पण मध्ये आलेले प्रत्येक फूल जमिनीवर पडत होते. आधी ही तिच्याकडे पाही, मग ती हिच्याकडे. फूल मधोमध टपकन पडे, आणि दोघी एकदमच म्हणत, "अगं, तुझं होतं ना!"

मी पुस्तकात पाहिले. दोघीही उजव्या हाताने खेळणाऱ्या असतील, तर मधले फूल साधारणपणे डावीकडचीने घ्यावे, कारण तिची रॅकेट मध्याच्या बाजूला असते. हल्ला करताना एकीने पुढे आणि एकीने मागे राहावे, बचाव करताना दोघींनी शेजारी-शेजारी. आणि जी फूल घेणार असेल तिने मोठ्याने ओरडावे. मी मुलींना सांगितले, "ओरडा, 'माझं!'" त्या तोंडाला ओढणी लावून हसत सुटल्या. पाच ग्रॅमचे, सोळा पिसांचे ते फूल. पण "माझं" हा शब्द त्यांच्या जिभेला त्याहून फार जड होता.

मास्तर म्हटला, की भित्तिपत्रक आलेच. बॅडमिंटनवर एक पान करायला मी माहिती गोळा करू लागलो, आणि पहिल्याच तासाला चकित झालो. हा खेळ आपल्या घरचाच निघाला. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी तो खेळत, आणि त्याला 'पूना' असेच नाव होते. पुढे इंग्लंडात ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाउसवरून त्याला आजचे नाव मिळाले. पुण्याचे नाव पुसले गेले. पण पुण्याने त्याची फेड चांगली केली. १९४०च्या दशकात भारतातल्या महिला बॅडमिंटनवर पुण्याच्या तीन बहिणींचे राज्य होते: तारा, सुंदर आणि सुमन देवधर.

देवधर हे नाव वाचून मी थबकलोच. आमच्या अण्णांच्या देव्हाऱ्यात विठोबाच्या खालोखाल प्रा. दि. ब. देवधरांचे स्थान होते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकत होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके काढली, आणि आयुष्याचेही शतक काढून, एकशेएक वर्षांचे होऊन, १९९३ साली ते गेले. हे सारे अण्णा आम्हांला पाढ्यांसारखे म्हणून दाखवत. मी आळस केला, की "देवधर बघ!" हे ठरलेलेच. पण त्याच देवधरांच्या तीन मुली राष्ट्रीय विजेत्या होत्या, हे अण्णांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. तिघींनीही राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. ज्या घरातून बाप मैदानावर जात होता, त्याच घरातून त्याच वर्षांत मुलीही मैदानावर जात होत्या. देवधर म्हटले की आपल्याला करंडक आठवतो, क्रिकेट आठवते. बहिणी आठवत नाहीत. दुहेरीतल्या बायकांचे नशीबच असे. त्यांचे नाव जोडीने घ्यावे लागते, आणि माणसाची आठवण एका वेळी एकच नाव धरते.

त्या काळच्या दुहेरीचा एक नियम मला फार आवडला. एकीची सर्व्हिस गेली, तरी डाव लगेच पलीकडे जात नसे. दुसरीचा हात शिल्लक असे. दोघींचे हात गेले, की मगच पलीकडच्यांची पाळी. २००६ साली प्रत्येक फुलाला गुण देणारी एकवीस गुणांची पद्धत आली, आणि तो 'दुसरा हात' गेला. खेळ वेगवान झाला म्हणतात. झाला असेल.

भित्तिपत्रकावर पुढची नावेही मी रंगवली. अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग: १९७८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला दुहेरीचे कांस्यपदक. आपल्या वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा: २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०११च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आणि सर्वांत खाली, डेन्मार्कच्या कामिला रिटर युल आणि क्रिस्टिना पेडरसन. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या गेममध्ये, या दोघी १९-१६ अशा पुढे होत्या. सुवर्णपदक दोन गुणांवर होते. तिथून जपानच्या मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी यांनी ओळीने पाच गुण घेतले आणि सामना नेला. एकेरीत हरलेला माणूस एकटाच घरी जातो. दुहेरीत हारसुद्धा दोघींना वाटून घ्यावी लागते. दोन वर्षांनी, २०१८ साली, त्याच डॅनिश जोडीने ऑल इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. या मोठ्या खेळाडू निवृत्त होतात तेव्हा सत्कार होतात, मुलाखती होतात, हार-तुरे होतात. हे लिहिता लिहिता माझा कुंचला थांबला. आमच्याही घरी महिला दुहेरीतली एक निवृत्त खेळाडू आहे, हे मला आठवले.

आमची अक्का माझ्याहून चार वर्षांनी थोरली. अण्णांनी एकदा शहागंजातून दोन रॅकेटी आणल्या होत्या. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी हीच जाळी. एका बाजूला अक्का आणि मी, पलीकडे शेजारचे दोघे भाऊ. अक्काचा हात असा काही सुरेख वळे, की फूल दोरीला पुसून पलीकडे उतरे. मधले फूल मात्र ती नेहमी माझ्यासाठी सोडी. "घे भाऊ, तुझं." मी ते मारी, आणि आपणच जिंकलो म्हणून अंगणभर नाचे.

अक्का पंधरा वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "पुरे झालं आता. लोक काय म्हणतील?" दोन्ही रॅकेटी माळ्यावर गेल्या. मला क्रिकेटची बॅट आली. "देवधर बघ!" मी बॅट घेतली. अक्काच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही. अक्का निवृत्त झाली. ना सत्कार, ना मुलाखत.

पुढे ती पैठणला सासरी गेली. अण्णा वारले, त्याच्या दुसऱ्या वर्षी शेताच्या कागदांची वेळ आली. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा कायद्याने महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली दिला आहे, हे मला ठाऊक होते. आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची असते, हे गावाला ठाऊक होते. मी गावाचे ऐकले. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत कारकुनाने विचारले, "बाई, स्वखुशीनं देताय ना?" अक्का म्हणाली, "हो. त्याचंच आहे ते." बाहेर आल्यावर मी तिला चहा पाजला आणि एक साडी घेऊन दिली. मनाला म्हटले, किती प्रेमळ बहीण! घे भाऊ, तुझं. मी तेव्हाही घेतले.

गेल्या भाऊबिजेला अक्का आली. माझ्या मुलींनी आत्याला ओढतच मैदानावर नेले. "आता हे काय वय राहिलं का गं!" म्हणत म्हणत तिने पदर खोचला. ती आणि धाकटी एका बाजूला, मी आणि थोरली दुसऱ्या. पहिली पाच-सहा फुले वाया गेली. मग हात वळला. तेच ते दोरीला पुसून उतरणारे फूल! मी जाळीपर्यंत पोचेतो ते जमिनीवर होते. धाकटी टाळ्या पिटू लागली. पण मध्ये आलेले फूल अक्काने सोडले. "घे गं, तुझं." दुसरे सोडले. तिसरेही. तेव्हा कमरेवर हात ठेवून धाकटी म्हणाली, "आत्या, तू डावीकडे आहेस. ते तुझं आहे. ओरड ना!"

अक्का हसली. माझ्याकडे पाहून हसली की काय कोण जाणे. पण मी मान खाली घालून रॅकेटीच्या तारा नीट करू लागलो.

चौथे फूल मी मुद्दामच मध्ये टाकले. "माझं!" असा आवाज आला, आणि तो एवढा मोठा होता, की रस्त्याने जाणारा एक सायकलवाला उतरून पाहू लागला. फूल माझ्या पायांपाशी पडले होते. अक्का धापा टाकत उभी होती, आणि तिचा चेहरा पंधरा वर्षांच्या मुलीचा झाला होता.

त्या रात्री तिने मला ओवाळले. मी ताटात नेहमीसारखे पाकीट ठेवले. ते पाकीट मला फार हलके वाटले. फुलाहूनही हलके.

अण्णांची अडीच एकर जमीन अजून शिल्लक आहे. त्यातल्या अर्ध्या जमिनीच्या बक्षीसपत्राचा मसुदा मी वकिलांकडून करून आणला आहे. सौ.ला विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बक्षीस कसलं? ज्याचं त्याला देतोय म्हणा." तिचेही माहेरी असेच एक कागद झालेले आहेत, त्याविषयी आम्ही दोघांनीही आजवर कधी बोललो नव्हतो. त्या रात्री पुष्कळ वेळ बोललो.

अक्का दिवाळी अंक आवडीने वाचते, पण माझे लेखन सोडून. त्यामुळे यंदाच्या ओवाळणीची बातमी फुटायचे भय नाही. धास्ती वाटते ती निराळीच. कागद हातात घेऊन ती म्हणेल, "असू दे रे भाऊ, तुझंच आहे." आयुष्यभराची सवय एका फुलाने कशी जाईल?

म्हणून मी एक केले आहे. पावसाने पुसून गेलेल्या रेघा शाळेच्या मैदानात जाऊन पुन्हा मारून आलो आहे. भाऊबिजेला आधी एक डाव खेळू. ओवाळणी मागाहून.