झोप ओढून आणता येत नाही



कष्टकऱ्याला पाठ टेकताच झोप लागते, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तसे नसते. आमच्या कर्जत-खालापूर भागात कुणी पहाटेची लोकल धरून शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला जातो, कुणी खोपोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. अंग थकते, पण डोळा लागत नाही. मी कारकून. रात्री हिशेब, मंडळाची कामे, उद्याची गाडी डोक्यात फिरत. घड्याळ पाहिले की जीव अधिकच घाबरा होई.

डॉक्टरांनी समजावले की, काळजी करीत रोज पडून राहिले म्हणजे अंथरूण आणि जागरण यांची मनात गाठ बसते. ती सोडविण्याची रीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली. डोळे जड झाल्यावरच आडवे व्हावे. साधारण वीस मिनिटांत झोप न आल्यास उठावे, मंद उजेडात बसावे आणि पेंग आली की परत यावे. एकाच खोलीचे घर असेल तर भिंतीशी टेकून बसले तरी चालते. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नये. दुपारी झोपू नये. संध्याकाळनंतर चहा नको, मोबाईल दूर ठेवावा. पहिले काही दिवस जड गेले. पुढे हळूहळू फरक पडला.

रात्रपाळीवाल्याची दुपार हीच त्याची रात्र. घरच्यांनी खिडकीला जाड कापड लावावे, टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. दारूने गुंगी येते, पण उत्तररात्री झोप मोडते. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घोरताना श्वास अडकत असेल तर तपासून घ्यावे. मन खचले असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

मात्र सगळेच जागरण सारखे नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी राहणारा माणूस मुसळधार पावसात जागा राहतो, त्याला असले नियम सांगून काय उपयोग? त्याला हवे सुरक्षित जागी घर. त्यासाठी त्याच्यासोबत अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत जाणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.